नॅशनल पार्कात गर्दी नसलेली वाट कुठली?

या खेपेला टपालाने आणि मेलवर मिळून अकरा पत्रं आली. त्यातली नऊ बोरिवलीच्या नॅशनल पार्काबद्दल. थंडी पडली की दरवर्षी हे होतंच. नवांतली तीन जवळजवळ एकसारखी होती, त्यांना एकच उत्तर देते आहे. एकात नुसतंच कौतुक होतं, ते मी ठेवून घेतलं. बाकीची जशी आली तशी घेतली आहेत. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, राहण्याचं ठिकाण तेवढं देते.

प्रश्न: ताई, मी आणि माझी बायको दोघंही आयटीत. गेल्या महिन्यात एका रविवारी नॅशनल पार्कात गेलो. गेटवर तिकिटाला रांग, कान्हेरीच्या बसला रांग, आणि वर लेण्यांत लोकलच्या डब्यासारखी परिस्थिती. एक जण तर चैत्यगृहात ब्लूटूथ स्पीकर लावून बसला होता. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी, पण लोकांना माहीत नसलेली एखादी वाट सांगा. शक्यतो मासिकात छापू नका, खासगीत कळवा. (कांदिवली पूर्व)

उत्तर: शेवटचं वाक्य वाचून हसू आलं. बाकीच्या दोन पत्रांतही हीच विनंती आहे. म्हणजे मी तिघांना खासगीत सांगायचं आणि तिघं एकाच रविवारी तिथे एकमेकांना भेटणार.

लोकांना माहीत नसलेली वाट या जंगलात नाहीच. साधारण 104 चौरस किलोमीटरचं हे जंगल. एका अंगाला बोरिवली, मालाड, गोरेगाव आणि दुसऱ्या अंगाला ठाणे, मुलुंड. जी वाट तुम्हाआम्हाला माहीत नाही ती पाड्यावरच्या पोराला माहीत असते, वनरक्षकाला माहीत असते, बिबट्याला तर असतेच. गर्दी नेमकी कुठे असते ते मात्र मी बोट ठेवून सांगू शकते. मुख्य गेटपासून कान्हेरीपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आणि वर पहिल्यापासून अकराव्यापर्यंतची लेणी. वेळ सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार. वार शनिवार, रविवार आणि बँकेची सुट्टी. एवढं टाळायला नवी वाट लागत नाही. वेळ बदला, नाहीतर दार बदला.

आधी वेळेचं सांगते. पार्क सोमवारी बंद असतं, म्हणून मी मंगळवारी जाते. आदल्या दिवशी दिवसभर माणूस फिरकलेलं नसतं. मंगळवारी सकाळी आत शिरावं तर चितळं रस्त्याच्या मधोमध उभी, आणि आपल्याकडे अशी बघतात की आज कशाला आलात! कडेच्या मातीत खुरांचे ठसे ताजे असतात, त्यावर अजून कुणाच्या बुटाचा ठसा पडलेला नसतो. मेट्रो सातचं ‘राष्ट्रीय उद्यान’ स्टेशन 2022 मध्ये सुरू झाल्यापासून तर गाडी लावायला जागा शोधायची कटकटही उरली नाही. तुम्ही म्हणाल, मंगळवारी ऑफिस असतं. मग रजा टाका. माथेरानला जायला टाकता ना?

दुसरं, कान्हेरी सोडून देऊ नका. लोक गर्दीला कंटाळून कान्हेरीच टाळतात, तिथेच चुकतं. लेणी शंभराच्या वर आहेत आणि माणसं बघतात दहा-अकरा. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यातल्या उंच बुद्धमूर्तींशी फोटो, अकराव्या क्रमांकाच्या दरबारातल्या लांबलचक दगडी बाकांवर डबा, की उतरले खाली. त्यापुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या वर जातात. त्या पायऱ्यांनी जेमतेम दहा मिनिटं चढलात की आवाज खाली राहतो. एकेचाळिसाव्यात अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे, तो बघायला मी गेले तेव्हा पाऊण तासात एक माणूस आला, आणि तोही रस्ता चुकून.

त्याहून वर नव्वद क्रमांकाचं लेणं. याच्यासाठी मी कुणालाही ओढत नेते. तिथे दगडावर पहलवी लिपीत कोरलेला मजकूर आहे, इराणातून आलेल्या जरथुष्ट्री मंडळींचा. सन 1009 आणि 1021 मध्ये ती लेणी बघायला आली आणि आपापली नावं नि तारीख कोरून गेली. म्हणजे हजार वर्षांपूर्वीची ‘आम्ही येथे आलो होतो’ मंडळी! आज कुणी भिंतीवर बाण मारलेलं हृदय कोरलं तर मी त्याला फैलावर घेते, आणि ही नावं मात्र चष्मा पुसून पुसून बघते. आमचे हे म्हणतात, तुझं हे धोरण काही सुसंगत नाही. नसेल.

वर गेलात की पायाखाली बघत चला. बहुतेक लेण्यांच्या दाराशी एक पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं आहे आणि कातळावर बोटभर रुंदीच्या पन्हळी खोदल्यात, पावसाचं पाणी त्या पोढ्यांत सोडायला. पावसाळ्यानंतर दोन-तीन महिने काही पोढ्यांत पाणी असतं. मुंबईला पाणी पाजायला इंग्रजांनी याच डोंगरात 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी तलाव बांधले, पण भिक्षूंनी तेच काम छिन्नीने कितीतरी शतकं आधी करून ठेवलं होतं. माथ्यावरून गोराईचा पॅगोडा आणि मागची समुद्राची रेघ दिसते, हवा स्वच्छ असेल तर. हल्ली डिसेंबरात ती क्वचितच असते.

एवढ्याने मन भरलं नाही, खरंच जंगलातून चालायचं असेल, तर शिलोंडा. ओढ्याच्या सोबतीने जाणारी वाट, वर झाडांची कमान, फुलपाखरं भरपूर. सकाळचे तीन-चार तास लागतात. इथे मनाला आलं म्हणून शिरता येत नाही. पार्काच्या निसर्ग माहिती केंद्रात आधी नावं द्यायची, परवानगी घ्यायची आणि त्यांचा वाटाड्या सोबत घ्यायचा. नव्वद टक्के लोकांना हा कारकुनी त्रास वाटतो. माझं मत विचाराल तर ही वाट शांत राहिली आहे ती या त्रासामुळेच. पावसाळ्यात ती बंद ठेवतात तेव्हा भांडू नका. वर कुठे सर आली ते खाली कळत नाही आणि घोट्याएवढा ओढा बघता बघता कमरेला येतो.

शिलोंड्याला ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाणार असाल तर एक गंमत सांगते. पुढे चालणाऱ्याने हातात काठी उभी धरायची. कारण तोंडाच्या उंचीवर, वाटेच्या या झाडापासून त्या झाडापर्यंत, जायंट वूड स्पायडरची जाळी असतात. दोन हात रुंद. उन्हात धागा सोनेरी दिसतो आणि चेहऱ्याला लागला तर बारीक रेशमी दोऱ्यासारखा ताणला जातो, तुटताना चक्क टिचकल्याचा आवाज येतो. मध्यभागी तळहाताएवढी मादी. नीट निरखलंत तर तिच्या आसपास तांदळाच्या दाण्याएवढा एक तपकिरी जीव भीतभीत फिरताना दिसेल. तो तिचा नवरा. आमच्या गटातल्या बायका इथे हमखास पाच मिनिटं थांबतात. जाळं तोडायचं नाही, वाकून खालून जायचं.

आता दार बदलायचं. आपण ‘बोरिवलीचं’ नॅशनल पार्क म्हणतो, पण त्याचा निम्म्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात आहे. ठाण्याच्या लोकांना हे पाठ असतं, आपल्याकडच्यांच्या गावी नसतं. घोडबंदर रस्त्याकडून मानपाड्याला वनखात्याचं केंद्र आहे, येऊरचं दार वेगळं. आणि सगळ्यांत उत्तरेला, वसईच्या खाडीवरचा वर्सोव्याचा पूल ओलांडून ससूपाड्याच्या बाजूने, नागला. मला विचाराल तर तुम्हा दोघांसाठी नागलाच. बोरिवलीच्या बाजूला न मिळणारी एक गोष्ट तिथे मिळते. सागाच्या आणि ऐनाच्या जंगलातून चालत चालत तुम्ही एकदम वसईच्या खाडीसमोर येता. पायाखालची माती बदलते, वास बदलतो, खारफुटी लागते. पक्षी बघणाऱ्यांना एका सकाळीत रानातले आणि खाडीवरचे असे दोन्ही भेटतात. तिथेही परवानगी हवी, आणि कुठल्या तारखांना नेतात ते केंद्रात विचारून मगच रजा टाका.

आणि हो, दोघांनी स्पीकरवाल्याला काही बोललात का? पत्रात लिहिलं नाहीत. बोलायला हवं होतं.

प्रश्न: माझं वय 67, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. चढ-उतार जमत नाही. तरुणपणी कान्हेरीला खूप वेळा गेले. आता नुसतं झाडांत, शांतपणे तासभर चालावं अशी इच्छा आहे. मुलगा म्हणतो, आई, सोसायटीच्या गार्डनमध्ये चाल. (मुलुंड)

उत्तर: मुलाला सांगा, सोसायटीच्या गार्डनमध्ये धनेश येत नाही.

मुलुंडहून तुम्हाला बोरिवलीपेक्षा येऊर सोयीचं. ठाण्याच्या उपवन तलावाकडून रिक्षा वर येऊर गावापर्यंत जाते, चढ रिक्षालाच चढू द्या. वरचा रस्ता पुष्कळसा सपाट आहे. आठवड्यातला मधला वार, सकाळी सात ते नऊ. शनिवार-रविवारी संध्याकाळी चुकूनही जाऊ नका, तिथल्या हॉटेलांची गाणी आणि गाड्यांचे हॉर्न यात जंगल शोधावं लागेल.

तुमच्यासाठी माझा आवडता महिना फेब्रुवारीचा शेवट. पानं गळलेली असतात, त्यामुळे बसल्या जागेवरून पक्षी दिसतात, मान वळवावी लागत नाही. पळस, पांगारा, काटेसावर तिन्ही लाल आणि सावरीच्या फुलात डोकं खुपसून बसलेल्या साळुंक्या, कावळे, कोतवाल यांची भांडणं. याच दिवसांत कांडोळाचं झाड ओळखता येतं. खोड पांढरट गुलाबी, चुना दिल्यासारखं, चांदण्यात चमकतं म्हणून काही जण त्याला भुत्या म्हणतात. त्याची लालसर केसाळ बोंडं फार देखणी दिसतात, पण हात लावू नका. केस म्हणजे कुसळंच, बोटात घुसली की दिवसभर आठवण देतात. मी एकदा वहिनीला हौसेनं हातात दिलं होतं, ती अजून बोलून दाखवते.

काठी न्या. घडीची, बसायच्या पट्ट्याची मिळते तीच. आणि मुलालाही सोबत न्या. एकदा गेला की पुढच्या वेळी तोच विचारेल.

प्रश्न: मी कॉलेजमध्ये शिकतो. मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये कान्हेरीच्या वरून थेट जांभूळमाळपर्यंत ट्रेल दिसतो. कुणी तरी आखलेला आहे म्हणजे वाट असणारच. आम्ही चार मित्र गाइड न घेता पहाटे गेलो तर काय होईल? परवानगीला खूप वेळ लागतो. (दहिसर)

उत्तर: तुला अरे-तुरे करते, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस.

जांभूळमाळ 468 मीटर, मुंबईतली सगळ्यांत उंच जागा. वरून तुळशी आणि विहार दोन्ही तलाव दिसतात. तिथे जावंसं वाटणं यात काही चूक नाही, मलाही वाटायचं. ॲपवरची रेघ म्हणजे कुणी तरी एकदा तिथून फोन खिशात घालून चालला, एवढंच. तो चुकत चालला की बरोबर, ते रेघ सांगत नाही.

1998 सालचा ऑक्टोबर. मी आणि माझी ऑफिसातली मैत्रीण, दोघी कान्हेरीच्या माथ्यावर होतो. दुपारचे तीन. खाली तुळशीच्या बाजूला एक छान मळलेली वाट उतरताना दिसली. म्हटलं, जरा पुढपर्यंत जाऊ. वाट गुरांची होती. गुरांची वाट कशी असते, माहीत आहे का? ती कुठेही पोहोचत नाही. ती चरत चरत पसरते, दहाची पाच होते, पाचाची नाहीशी होते. आणि सगळीकडे कारवी, दीड पुरुष उंच. कारवीची पानं खरबरीत, हातापायाला घासून चट्टे उठले. आत उभं राहिलं की आभाळाचा तुकडा तेवढा दिसतो, डोंगर कुठे, उतार कुठे, काही कळत नाही. तेव्हा मोबाइल नव्हता, आणि आज असूनही त्या घळीत रेंज मिळत नाही, मी तपासलं आहे.

साडेपाच वाजले. मैत्रीण रडायला लागली, मी रडत नव्हते कारण मला राग आला होता, स्वतःचाच. मग कुत्रा भुंकला. त्या आवाजाच्या रोखाने गेलो तर एक पाडा. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने लिंपलेल्या. दारात एक म्हातारी भात पाखडत बसली होती. तिने आमच्याकडे बघितलं, सूप खाली ठेवलं, आधी पाणी दिलं आणि मग म्हणाली, “बाय, ही वाघोबाची वाट. तुमची डांबराची.” नातवाला हाक मारली. दहा-बारा वर्षांचा पोरगा, हातात काठी, दर चार पावलांवर जमिनीवर ठक् करत पुढे. पाऊण तासाने डांबरी रस्त्यावर आणून सोडलं. पैसे घेईना. डब्यात चिवडा उरला होता तो घेतला, तो मात्र आनंदाने.

पाड्यांवर वाघोबाचं ठाणं असतं, शेंदूर लावलेलं. त्या लोकांनी वाघाबरोबर, म्हणजे इथल्या बिबट्याबरोबर, वाटा वाटून घेतल्या आहेत, वेळाही वाटून घेतल्या आहेत. पहाट आणि तिन्हीसांज त्याची. तू नेमकी पहाट निवडलीस.

काय होईल, हे विचारलंस. एक, पकडले जाल. राष्ट्रीय उद्यानात विनापरवानगी फिरणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, चार मित्रांच्या चार घरी फोन जातील. दोन, पकडले जाणार नाही आणि चुकाल, मग तुम्हाला शोधायला वीस माणसांची रात्र जाईल. परवानगीला वेळ लागतो, खरं आहे. अर्ज आज टाक आणि मधल्या दिवसांत अभ्यास कर. परीक्षा कधी आहे?

आणखी एक. 2024 ला कारवी फुलून गेली, आणि एकदा फुलली की ती मरते. आता जुनी झुडपं वाळून आडवी झाली आहेत. डोंगर उघडा दिसतो, जिकडेतिकडे वाटा असल्यासारखं वाटतं. या दोन वर्षांत चुकणं उलट सोपं आहे.

प्रश्न: आठ वर्षांची मुलगी आहे. तिला जंगल दाखवायचं आहे, पण बिबट्याची भीती वाटते. सासूबाईंनी तर बातम्या वाचून साफ नको म्हटलंय. (बोरिवली पश्चिम)

उत्तर: भीती असू द्या, थोडी असलेली बरी. 2015 मध्ये कॅमेरे लावून मोजणी केली तेव्हा पार्कात आणि आसपास 35 बिबटे नोंदले गेले, नंतरच्या मोजण्यांत आकडा याहून जास्तच आला आहे. म्हणजे बिबट्या आहे. पण दिवसाउजेडी, गटाने, गप्पा मारत चालणाऱ्या माणसांच्या वाटेला तो येत नाही, तो आपल्याला टाळतो. तुम्ही त्याला बघण्याआधी त्याने तुम्हाला बघितलेलं असतं आणि तो बाजूला झालेला असतो. मी इतकी वर्षं जाते आहे, दोनदा दिसला. दोन्ही वेळा शेपूटच.

नियम चारच आहेत. मुलगी गटाच्या मधे चालेल, धावत पुढे नाही आणि रेंगाळत मागे नाही. झुडपाआड एकटीला बसवू नका. शी-शू लागली तर उघड्यावर, तुमच्या नजरेसमोर, लाज बाजूला ठेवून. दिवस कलायच्या आत परत. आणि चुकून दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, मुलीला उचलून घ्यायचं, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकायचं. उचलताना खाली वाकू नका, घाई करू नका, आधी मोठ्यांनी पुढे उभं राहायचं.

खरं सांगू, आठ वर्षांच्या पोरीला बिबट्यापेक्षा माकडांचा त्रास होईल. कान्हेरीच्या पायऱ्यांवर वेफर्सचं पाकीट हातात दिसलं की गेलंच. खाऊ पाठीवरच्या पिशवीत, डब्यात, आणि डबा लेण्यांपासून लांब उघडायचा.

तिला पहिल्यांदा नेताना लांब वाट नको. गेटजवळच दहिसर नदीचा काठ आहे, तिथे दगड उलटेपालटे करू द्या, खेकडे निघतात. निळं-काळं मोठं फुलपाखरू दिसलं तर सांगा, तो नीलवंत, आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. मुलांना ‘आपलं’ म्हटलं की लक्षात राहतं. जूनच्या पहिल्या पावसानंतर आलात तर नवरंग ओरडताना ऐकू येईल, दोन सुरांची शीळ, दुसरा सूर खाली उतरलेला. दिसणं कठीण, तो पाचोळ्यात खाली फिरतो. आमच्या सोसायटीतली एक मुलगी ती शीळ इतकी हुबेहूब घालते की तिची आई फसते.

सासूबाईंना बरोबर घ्या. त्या आल्या तर बातम्या वाचणं कमी होईल.

प्रश्न: पावसाच्या सुरुवातीला पार्कात शेवळं, टाकळा, भारंगी अशा रानभाज्या उगवतात असं ऐकलं. ट्रेकला जाता जाता थोडी खुडून आणली तर चालेल का? (विरार)

उत्तर: नाही. पान, फूल, दगड, काहीही बाहेर आणायचं नाही. जूनमध्ये बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून घ्या आणि सोबत काकडं, ती आंबट रानफळं, मागायला विसरू नका. काकडांशिवाय शेवळं खाल्लीत तर घसा असा खाजेल की मला शिव्या द्याल. साफ कशी करायची तेही त्याच सांगतात, फक्त घासाघीस करून झाल्यावर विचारू नका, आधी विचारा.

प्रश्न: ताई, 2024 ला कारवी फुलली तेव्हा मी परदेशात होतो, चुकली. आता पुन्हा कधी? मधल्या काळात त्या वाटांवर बघण्यासारखं काही असतं का? (अंधेरी)

उत्तर: कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. आमच्या पार्कात 2008, 2016 आणि 2024 अशी मी तीनदा बघितली, पुढची 2032 ला. तारीख लिहून ठेवा, साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबर.

मधल्या काळाचं विचारलंत हे बरं केलंत, कारण ते कुणी विचारत नाही. फुलांच्या वेळी सगळी मुंबई लोटते, कॅमेरे घेऊन, जांभळ्या डोंगरापुढे उभं राहायला. फुलं गेल्यावर कुणी फिरकत नाही. पण खरी मजा पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात असते. उन्हाळ्यात बोंडं वाळून कडक होतात. पहिली सर पडली की वाळलेल्या कारवीत नुसतं उभं राहा. आधी काहीच नाही. मग बाजूला कुठे तरी फट्. मग लांब दोन-तीन. ओल शोषून बोंडं तडकतात आणि बिया उडतात, कधी कधी गालावर येऊन लागतात. ते तर तुमचं चुकलं. पण त्याच पावसात त्या बियांची रोपं दाटीने उगवली आहेत, आणि ती दर वर्षी बघण्यासारखी आहेत. मी 2016 नंतर कान्हेरीच्या पायऱ्यांच्या कडेची एकच जागा धरून ठेवली होती. पहिल्या वर्षी रोपं घोट्याला, मग गुडघ्याला, चौथ्या वर्षी माझ्या खांद्याला, आणि सहाव्या वर्षी मी त्यात दिसेनाशी झाले. आता नव्या पिढीसाठी तीच जागा पुन्हा धरली आहे. नव्वद क्रमांकाकडे जाताना डावीकडे एक फुटकी पोढी लागते, तिच्या शेजारी. तुमचीही एखादी जागा धरा, माझ्या जागेपासून जरा लांब.